पाचक बरणी

भरतेश मगदूमच्या रक्तात औषध सापडेना.

मिरजेच्या हॉस्पिटलात दर महिन्याला त्याच्या रक्ताची ही तपासणी व्हायची. किडनी बदललेल्या माणसाला आयुष्यभर एक गोळी घ्यावी लागते. परका अवयव आत आला की शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्यावर चाल करून जातं. ही गोळी शरीराच्या त्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवते. रक्तातलं तिचं प्रमाण घसरलं की पहारेकरी जागे होतात. किडनी बसवल्यापासून भरतेशचं प्रमाण कधी हललं नव्हतं. या खेपेला ते जवळजवळ शून्यावर आलं होतं.

"गोळ्या चुकवताय का?" डॉ. तहसीन बागवान यांनी विचारलं.

"नाही हो. हिला विचारा."

त्रिशला शेजारच्या खुर्चीत बसली होती. "सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर घेतात, डॉक्टर. पाण्याचा पेला मी हातात देते."

"मग गोळ्याच बनावट असतील," भरतेश बायकोकडे न बघता म्हणाला. "औषधाचं दुकान हिचंच आहे."

भरतेशच्या पोटात जी किडनी काम करत होती ती त्रिशलाची होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हाच माणूस लहान मुलासारखा रडला होता. 'तुझे उपकार कसे फेडू' म्हणून त्यानं तिचे पाय धरले होते, तेही डॉक्टरांच्या देखत. माणूस घाबरला की काहीही बोलतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्रिशलालाही माहीत होतं.

गोळीची मात्रा दुप्पट केली. पुढच्या तपासणीतही रक्त कोरंच निघालं.

त्रिशलाचं दुकान मिरजेच्या मार्केटमागे होतं. जुन्या औषधांचं काय करायचं, हा प्रश्न तिला गल्ल्यावर बसायला लागल्यापासून छळत आला होता. मुदत संपलेल्या गोळ्या लोक कचऱ्यात टाकत, उरलेलं सिरप मोरीत ओतत. कचऱ्यातलं गुरांच्या पोटात जाई, मोरीतलं कृष्णेत. नदीच्या पाण्यात औषधाचा अंश कायम राहिला की तिथले जंतू त्याला सरावतात, आणि असे सरावलेले जंतू माणसाच्या अंगात शिरले की कशालाच बधत नाहीत. जाळायचं म्हटलं तर प्रचंड तापमानाची भट्टी लागते, आणि मिरजेत तेव्हा तशी भट्टी नव्हती. हे सगळं ती गिऱ्हाइकांना सांगायची. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन मोरीतच ओतायचे.

मग पाचक बरणी आली. लोणच्याच्या बरणीएवढी, पांढरी, फिरकीच्या झाकणाची. आत जिवाणूंचं दाट पाणी आणि तळाशी एक वडी. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात वेगवेगळे जिवाणू वाढतात आणि प्रत्येकाला एकेका औषधाचे रेणू तोडण्याची हातोटी असते. शास्त्रज्ञांनी त्या सगळ्या हातोट्या एकाच जिवाणूत आणल्या होत्या. गोळी पाकिटातून काढून आत टाकायची. आठवड्याभरात तिचा मागमूस राहत नसे. खाली उरलेलं पाणी कुंडीत ओतलं की झाड तरारून यायचं. हा जिवाणू बाहेर पसरू नये म्हणून त्याला मुद्दाम पांगळं केलं होतं. वडीतलं एक कृत्रिम द्रव्य मिळालं नाही की तो मरायचा, आणि ते द्रव्य निसर्गात कुठंच नव्हतं.

त्रिशलानं जीव तोडून काम केलं. गल्लोगल्ली फिरून तिनं बरण्या पोचवल्या. ज्यांना स्वतः करायचा कंटाळा होता त्यांची औषधं ती दुकानात घ्यायची आणि पाकिटं फोडून स्वतःच्या हातानं बरणीत टाकायची. जयसिंगपूरच्या नणंदेला, राजमती वन्संना, तिनं दिवाळीला साडीऐवजी बरणीच दिली. वन्सं चार बायकांत हसल्या होत्या, पण बरणी वापरायला लागल्या होत्या.

डॉ. तहसीननी शेवटी नवरा-बायको दोघांच्याही शौचाचे नमुने मागवले. भरतेशचा नमुना एका नळीत घालून त्यात त्याचीच गोळी विरघळवली. संध्याकाळपर्यंत नळीतलं औषध नाहीसं झालं.

"तुमचं शरीर गोळी नाकारत नाहीये," त्या म्हणाल्या. "गोळी रक्तापर्यंत पोचतच नाही. आतड्यातले जिवाणू आधीच तिचा फडशा पाडतात."

"पाचकमधला जिवाणू?" त्रिशलाच्या तोंडून निघालं. "पण तो बाहेर जगत नाही."

"नाहीच जगत. तो मेला. मरण्याआधी आपली विद्या देऊन गेला." त्यांनी कागदावर एक लांबट गोळा काढला आणि त्याच्या आत एक बारीक कडं. "अशा कड्यांत जिवाणूंचे गुण साठवलेले असतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटला की कड्याची नक्कल देऊन टाकतो, शेजारणीनं विरजण द्यावं तशी. कंपनीनं ते गुण पक्के शिवून टाकल्याचं सांगितलं होतं. शिवण उसवली. आता साधे, आपल्या सगळ्यांच्या पोटात असतात तेच जिवाणू औषध खायला शिकलेत. त्यांना वडी लागत नाही."

"आणि हे एकाकडून दुसऱ्याकडे—"

"हातातून, ताटातून, एका स्वयंपाकघरातून."

भरतेशनं खुर्ची किंचित मागे सरकवली. फरशीवर तिचा आवाज झाला. त्रिशलानं तो ऐकला.

"उपाय?" तिनं विचारलं.

"आतडं धुऊन काढायचं. मग फक्त त्याच जातीच्या जिवाणूला फाडणारे विषाणू सोडायचे, आणि निरोगी माणसाचे जिवाणू पुन्हा पेरायचे. यांच्या पोटात ते कडं एकाच जातीत शिरलंय, त्यामुळे यांना हे करता येईल." डॉक्टर थांबल्या. "तुमच्या पोटात इतक्या जातींत पसरलंय की आम्हाला मोजता आलं नाही. प्रत्येक जातीला वेगळा विषाणू लागतो. तेवढे आज कुणाकडेच नाहीत."

"म्हणजे मला कुठलीच गोळी लागू पडायची नाही?"

"इंजेक्शन लागू पडेल. ते आतड्यातून जात नाही."

"यांना तसं इंजेक्शन देऊन चालणार नाही?"

"या औषधाचं इंजेक्शन हॉस्पिटलबाहेर देता येत नाही, आणि आयुष्यभर हॉस्पिटलात कोण राहणार?"

त्रिशलानं मान हलवली. "मग यांचं आधी करा," ती म्हणाली.

भरतेशचं आतडं धुतलं. किडनीला थोडी इजा झाली होती, पण ती तगली. रक्तात पुन्हा औषध दिसू लागलं तेव्हा तो हॉस्पिटलात काचेपलीकडे बसून हसला, आणि अलीकडे उभ्या असलेल्या त्रिशलानंही हसून हात हलवला.

तोवर हे प्रकरण मिरजेपुरतं राहिलं नव्हतं. जिथं जिथं बरण्या गेल्या होत्या तिथं साखर उतरेना, रक्तदाब उतरेना. कंपनीनं बरण्या परत मागवल्या आणि जाहीर केलं की वापरणाऱ्यांनी सूचनेप्रमाणे हात धुतले नाहीत. ज्यांच्या पोटात कडं सापडलं त्यांना लोक 'गोळीखाऊ' म्हणू लागले. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत त्यांना वेगळं बसवलं जाऊ लागलं. एक दिवस शेजारच्या गल्लीतली एक बाई त्रिशलाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्या मुलाला फिट येत असत आणि गोळ्यांनी त्या कित्येक वर्षं थांबल्या होत्या.

"तूच बरणी आणून दिलीस," ती म्हणाली. "देताना त्याच्या गालावरून हात फिरवलास. काल दिवसभर पोरगं फरशीवर आपटत होतं."

ती पायरीवर थुंकली आणि गेली. त्रिशलानं पाणी आणून पायरी धुतली आणि शटर ओढलं. ते पुन्हा उघडलं नाही.

सरकारी नियम निघाला तो त्यानंतर. धुतलेला रुग्ण गोळीखाऊ माणसाच्या घरात परतला की पुन्हा तसाच होत असे. विषाणू तुटपुंजे होते, एका माणसावर दोनदा खर्च करणं परवडत नव्हतं. म्हणून ठरलं की ज्याचा नवरा किंवा बायको गोळीखाऊ आहे त्याला पुढचे उपचार आणि गोळ्या मिळणार नाहीत, मग ते वेगळे राहत असले तरी. नवरा-बायको कधी ना कधी भेटतातच, असं त्या नियमाखाली कारण दिलं होतं. कायद्यानं विभक्त असतील तर हरकत नव्हती.

भरतेशनं हे काचेपलीकडून, तिथल्या फोनवरून सांगितलं. बोलताना त्याची नजर फोनच्या वायरवर होती.

"कागदापुरतं गं. अक्का म्हणते, मी इथून सुटलो की तिच्याकडे राहावं. त्यांच्या घरात सगळ्यांची तपासणी झालीय, सगळे स्वच्छ आहेत."

"वन्सं म्हणतात ते कळलं. तुम्ही काय म्हणता?"

"मी जगायचं म्हणतो, त्रिशला."

तिनं विभक्त होण्याच्या कागदावर सही केली. तो जयसिंगपूरला गेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. नंतर एक दिवसाआड यायला लागला. मग तिनं केलेला फोन राजमती वन्संच उचलायला लागल्या. "झोपलाय तो," त्या म्हणायच्या, भर दुपारीसुद्धा.

पोट भरायला काहीतरी करायला हवं होतं. मिरजेबाहेर आता मोठी भट्टी उभी राहिली होती, परत आलेल्या बरण्या जाळण्यासाठी. ते काम फक्त गोळीखाऊ माणसांना मिळायचं. त्यांना आणखी काय होणार होतं? त्रिशला बरण्या गाडीतून उतरवून भट्टीच्या पट्ट्यावर ठेवू लागली. कित्येक बरण्यांवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी असे, 'औषध कचऱ्यात टाकू नका.' एका किडनीवर जगणाऱ्या त्रिशलाचा रक्तदाब चढू लागला होता. गोळी उपयोगाची नव्हती. आठवड्याला ती इंजेक्शन घेऊन येई आणि हात चोळत कामाला लागे.

एका दुपारी भरतेशनं स्वतः फोन उचलला. त्याचा आवाज जड होता. पायाला सूज आहे, पण प्रवासानं आली असेल, म्हणाला. तो कुठंच प्रवास करत नव्हता. त्रिशलानं फोन ठेवला आणि तशीच जयसिंगपूरला गेली.

राजमती वन्संनी तिला गेटबाहेरच थांबवलं. तोंडाला पदर लावून त्या अंगणात उभ्या राहिल्या. "तिथनंच बोल. काय काम काढलंस?"

"यांचे पाय सुजलेत. रक्त तपासलं का?"

"महिना भरला की तपासतील. तू कोण विचारणारी आता?"

त्रिशलाचं लक्ष त्यांच्या मागे गेलं. मोरीशेजारी कढीपत्त्याचं झाड दाट, काळंभोर वाढलं होतं. त्याच्या बुंध्याशी पांढरी बरणी होती.

"वन्सं, ती बरणी अजून ठेवलीत? सगळ्या परत मागवल्या होत्या की!"

"झाडाला बरं असतंय तिचं पाणी. बंद करून ठेवलीच होती मी. मध्यंतरी भरतेशची मात्रा बदलली, जुन्या गोळ्या उरल्या. त्या काय कचऱ्यात टाकू? तूच सांगत फिरत होतीस ना गावभर, औषध कचऱ्यात टाकायचं नाही म्हणून? टाकल्या बरणीत."

"आणि त्याच हातानं पाला तोडून फोडणीला टाकता? वन्सं, पाया पडते. आजच्या आज त्यांचं रक्त तपासून घ्या. तुमचीही तपासणी करा."

"माझी झालीय. मी स्वच्छ आहे. घाण तू आहेस."

खिडकीचा पडदा हलला. भरतेश उभा होता. त्याचा चेहरा सुजला होता, डोळ्यांखाली फुगवटे आले होते.

"अहो!" त्रिशलानं गेटची सळी धरली. "ऐका माझं. या घरात राहू नका. आत्ता चला हॉस्पिटलात. माझ्याबरोबर नको, वेगळ्या गाडीनं चला."

"गेटला हात लावू नकोस!" तो ओरडला. त्याच्या आवाजातली भीती खरी होती. "कशाला आलीस इथं? मला परत न्यायला तू काहीही सांगशील. अक्कानं सांभाळलंय मला. तू काय दिलंस ते ठाऊक आहे."

तिनं सळी सोडली. वन्संनी बादलीभर पाणी आणून गेटवर ओतलं. ते तिच्या पायांवर आलं.

तिथूनच तिनं डॉ. तहसीनना फोन केला. डॉक्टरांनी भरतेशला फोन करून ताबडतोब यायला सांगितलं. तो गेला नाही. हॉस्पिटलात गोळीखाऊ माणसांची गर्दी असते, तिथं जाऊन पुन्हा लागण झाली तर, असं त्याला वाटलं. डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवलं, पण अशी घरं खात्याकडे शेकड्यांनी पडली होती. खात्याचं कुणी तिकडं पोचण्याआधीच राजमती वन्संच्या तक्रारीवरून पोलीस त्रिशलाच्या दारात आले. जयसिंगपूरच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, असं तिला बजावून गेले.

भरतेशला हॉस्पिटलात नेलं ते बेशुद्धीत. रक्तात औषध नव्हतं. राजमती वन्संनी सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी ती गेटला हात लावून गेली, तेव्हाच हे झालं. मग त्यांची तपासणी झाली. त्यांच्याही पोटात कडं सापडलं, आणि कढीपत्त्याच्या पानांवरही. त्यानंतर त्यांनी सांगणं बंद केलं.

डॉ. तहसीननी फोन केला तेव्हा त्रिशला भट्टीवर होती. पट्ट्याच्या खडखडाटात तिला नीट ऐकू येईना. ती बाहेर आली.

"त्यांचा जीव वाचला," डॉक्टर म्हणाल्या. "किडनी गेली, त्रिशलाताई. वाईट वाटतंय सांगायला."

"काढून टाकणार?"

"नाही. काही त्रास नसला तर तशीच आत ठेवतात. हळूहळू आकसून जाते."

"बरं," त्रिशला म्हणाली आणि परत आत जाऊन पट्ट्यापाशी उभी राहिली. मुकादमानं घरी जा म्हणून सांगितलं तरी ती गेली नाही.

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी ती भात टाकत असताना दार वाजलं. बाहेर भरतेश उभा होता. हातात कपड्यांची पिशवी होती. मनगटाच्या वर डायलिसिससाठी जोडलेली शीर जाड दोरासारखी फुगली होती. कित्येक महिन्यांत तो तिच्या इतक्या जवळ आला नव्हता.

"अक्कानं सांगितलं, आता तुझ्याकडे जायला हरकत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरही तेच म्हणाल्या. किडनीच गेल्यावर त्या गोळीचं काम राहिलं नाही. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, बस्स. मला आता तुझ्यापासून काही धोका नाही, त्रिशला."

तिनं दाराची चौकट सोडली नाही. त्यानं चपला काढल्या आणि पाऊल आत टाकायला उचललं. ती बाजूला झाली नाही तेव्हा ते पुन्हा खाली ठेवलं.

"आणि मला?" तिनं विचारलं.

"तुला कसला धोका?"

"तुमचा."

त्याला कळलं नाही. ती शांतपणे बोलत राहिली. "माझ्याकडे आता एकच उरलीय, भरतेश." लग्नानंतर तिनं त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. "तुम्ही आत आलात, माझ्यासमोर असे बसलात, तर एक दिवस मी तीही देऊन टाकीन. मी कशी आहे ते मला माहीत आहे."

"काहीतरीच बोलतेस. एकच असलेल्या माणसाची घेत नाहीत," तो चटकन म्हणाला. "मी विचारलंय."

त्रिशलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

ती आत गेली, गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्याचा दंड धरून तिनं त्याला रस्त्यापर्यंत आणलं. त्याला चालवत नव्हतं. तिच्या हातावर भार टाकून तो चालला, आणि तिनं तो घेतला. कोपऱ्यावर बिनचालकाच्या रिक्षा उभ्या होत्या. पहिल्या रिक्षाचं दार उघडलं. तिनं त्याला सांभाळून आत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि लोंबत असलेला पाय उचलून आत घेतला.

"त्रिशला," तो म्हणाला, "मी जाऊ कुठं?"

तिनं रिक्षाला जयसिंगपूरचा पत्ता सांगितला.

"प्रवासी किती?" रिक्षानं विचारलं.

"एक," त्रिशला म्हणाली आणि मागे सरकून उभी राहिली. दार आपोआप लागलं.